यमलोकाच्या दारात रुसलेला जावई

बाहेरची माणसं बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर बघायला जातात. मी यंदा त्या जिल्ह्यात तीन दिवस होतो, त्यातला एक अख्खा दिवस लोणार तालुक्यातच काढला, आणि सरोवर बघितलं नाही. त्याऐवजी मी फायबरचे नऊ डायनासोर, थर्माकोलचं एक काश्मीर आणि सिमेंटचा यमलोक बघितला. आकाशातून उल्का पडून फुकटात झालेली गोष्ट सोडायची आणि कुणीतरी तिकीट लावून केलेली बघायची, याला हल्ली सहल म्हणतात. जे अजून तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वाचून झाल्यावरही जावंसं वाटलं तर माझं लिहिणं फसलं असं समजेन.

मी साताऱ्याचा. जमिनी मोजणं हे माझं काम. बांधावर उभं राहायचं, वर आभाळ, चारी बाजूंना मोकळं रान, आणि भांडणारे दोन भाऊ. हे काम मी उगाच निवडलेलं नाही. मला बंद जागेची भीती वाटते. लिफ्ट, तळघर, पडदे ओढलेली खोली, काचा चढवलेली गाडी, यातलं काहीही एक पुरतं. दार लागलं की छाती आवळते, कानात घुमू लागतं आणि आता आपण इथून जिवंत बाहेर पडत नाही याची पक्की खात्री पटते. पन्नाशी उलटलेल्या, मिशा राखलेल्या माणसाला हे सांगवत नाही. जगात दोघींनाच हे ठाऊक होतं. एक माझी बायको सुनंदा, आणि दुसऱ्या साताऱ्यातल्या समुपदेशक बाई, ज्यांना मी पैसे देऊन सांगितलं.

या बाईंनी मला उपाय दिले होते. कुठेही गेलात की बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा. कडेची जागा धरा. श्वास मोजून घ्या. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. आणि बरोबरच्या माणसांना आधीच सांगून टाका. शेवटचा उपाय मी ऐकून न ऐकल्यासारखा केला. बाकीचे चार खिशात घालून मी सासुरवाडीला निघालो.

देऊळगाव राजा

निमित्त होतं धोंड्याच्या महिन्याचं. अधिक महिना आला की लेक-जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, त्यांना लक्ष्मीनारायण मानून पूजा करायची, वाण द्यायचं. आमच्याकडेही ही रीत आहे, पण आम्ही ती एका दुपारीत उरकतो. साताऱ्यात जावयाला दोनदा आग्रह होतो, तिसऱ्यांदा ताट उचलतात. इकडे मात्र जावई तीन दिवस नारायण असतो, आणि नारायणाला स्वतःचं मत असू शकतं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

जेवण उत्तम होतं, यात वाद नाही. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आमरस आणि त्यात बुडवून खायचे सरगुंडे. कणकेच्या बारीक वळ्या काडीवर गुंडाळून, वाफवून केलेला हा पदार्थ साताऱ्यात कुणी पाहिलेला नाही, आणि ही साताऱ्याची मोठी हानी आहे. सासूबाई, म्हणजे मामी, माझ्या शेजारी उभ्याच होत्या.

"जावईबापू, अजून दोन घ्या. काय तब्येत हाये का काय ही!"

सासरे समोर बसून माझ्या ताटाकडे बघत होते. मी त्यांना मामा म्हणतो. वय ऐंशीच्या आसपास, अंगाने काटक, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांचं बघणं मला कधीच नीट कळलं नव्हतं. माझ्या ताटात काही कमी पडतंय का, एवढंच ते बघतात असं मी समजत होतो.

जेवण झालं आणि सन्मान सुरू झाला. घरातली सगळ्यात मानाची खोली मला दिली होती. ती घराच्या बरोबर मधोमध, एकही खिडकी नसलेली. कूलर लावला, पडदा ओढला, मेहुण्याने दारही लोटून घेतलं. "आराम करा दाजी, कोनी त्रास देनार नाही." दोन मिनिटांनी मी बाहेर येऊन ओसरीवर, भर मे महिन्याच्या झळांत, पेपर वाचत बसलो. मामींनी सुनंदाला आत बोलावलं. त्यांचं कुजबुजणं मला ऐकू आलं.

"रुसले का वं? कूलर लहान पडला का?"

हे रुसणं काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बावीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दिवशी, मांडवात जायच्या आधी मला मारुतीच्या देवळात नेलं. तशी पद्धतच आहे. देऊळ दगडी, दार एवढं बुटकं की कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत आधीच दहा माणसं कोंबलेली, उदबत्त्यांचा धूर, आणि मागून बॅन्डवाले रेटत होते. मी दाराशीच थांबलो आणि पायरीवर बसकण मारली. मला श्वास घेता येत नव्हता. तेवढ्यात कुणीतरी आनंदाने ओरडलं, "नवरदेव रुसला!" इकडे नवरदेव मारुतीपाशी रुसतोच. रुसला नाही तर वऱ्हाडाला चुकल्यासारखं वाटतं. सासरे धावत आले. "काय पाह्यजे बापू, सांगा," असं म्हणाले. माझ्या तोंडून शब्द निघेना. गप्प बसलोय म्हणजे अजून मोठं काहीतरी हवंय, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढून माझ्या बोटात घातली. तोवर मला हवा मिळाली होती. मी उठलो. टाळ्या पडल्या.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. पण दोनशे माणसांपुढे भित्रा ठरण्यापेक्षा लोभी ठरणं मला सोपं वाटलं. मग तेच चालत राहिलं. मेहुणीच्या लग्नात तळघरातल्या पंगतीला बसलो नाही, तर मला सफारीचं कापड मिळालं. मेहुण्याच्या नव्या घराच्या लिफ्टपाशी अडलो, तर संध्याकाळी मिक्सर आला. मला लोक रुसका जावई म्हणू लागले आणि मी ते नाव नाकारलं नाही. आता खरं सांगायचं म्हणजे इतकी वर्षं घेतलेलं सगळं खोटं बोलून घेतलं असं कबूल करण्यासारखं होतं. ते कबूल करायची माझी तयारी नव्हती. सुनंदाकडूनही मी शपथ घेतली होती, आणि माझी अब्रू राखण्यासाठी ती बिचारी माहेरच्यांपुढे लोभी माणसाची बायको होऊन राहिली होती.

बीबीच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने, गजूने, बेत जाहीर केला. त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. जिल्ह्यात निघालेल्या दोन पार्कांना फवाऱ्यांच्या नळ्या त्यानेच पुरवल्या, त्यामुळे दोन्हीकडचे पास त्याच्याकडे होते. "दाजी, तुमाले असं दाखोतो का साताऱ्याले जाऊन सांगसान," तो म्हणाला. गाडीत मला पुढची जागा, आणि जावयाला झळ लागू नये म्हणून चारी काचा वर. सिंदखेड राजा मागे पडेपर्यंत मी श्वास मोजत होतो. दुसरबीडला चहाचं निमित्त काढून उतरलो आणि चहा न पिता नुसता उभा राहिलो.

लोणार तालुक्यातल्या या पार्काचं नाव सांगत नाही, सांगितलं तर जाल. सोयाबीनच्या वावरात मालकाला एक दिवस दृष्टान्त झाला आणि त्याने तिथे डायनासोर उभे केले, एवढंच त्याचं मूळ. वाशीम जिल्ह्याकडून वारा सुटला की नऊही डायनासोर एका लयीत डुलतात. एकाच्या जबड्यात साळुंक्यांनी घरटं केलं होतं. सबंध पार्कात अक्कलहुशारीने केलेलं तेवढं एकच बांधकाम मला दिसलं. एका माकडाच्या पोटात कचऱ्याचा डबा होता आणि ते "मला खाऊ द्या" असं ओरडत होतं. माणसं त्यात कचरा सोडून बाकी सगळं टाकत होती. दोन आज्या तर त्याला नमस्कार करून पुढे गेल्या.

मी बाईंचा पहिला उपाय काढला आणि दारावरच्या पोऱ्याला नव्हे, थेट सुरक्षारक्षकाला विचारलं, "इथे अडचणीच्या वेळी बाहेर पडायची वाट कुठे आहे?"

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काऊन? काय करून राह्यले तुमी?"

"काही नाही. माहीत असावं म्हणून."

"आत जायचं तिकीट काढलं ना? मंग आत जा. भाईर जायचं लोक काई इचारत नाहीत इथं."

मग काश्मीर. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन आणि आत बर्फ, ही या पार्काची शान होती. पत्र्याची, आतून थर्माकोल ठोकलेली बिनखिडकीची खोली, बटाट्याच्या शीतगृहाला असतं तसं जाड दार, आणि भाड्याने मिळणारे कोट. कोटांना आधीच्या शंभर गिऱ्हाईकांचा वास होता. दार बाहेरून खिटीने लागत होतं. मी विचारलं, आतून उघडतं का? दारावरचा माणूस समजूत काढत म्हणाला, "आतून काऊन उघडा लागते साहेब? मी हावो ना भाईर. ईस मिन्टं झाले का काढतो सगळ्यायले."

"दाजी पयले!" गजूने मला पुढे लोटलं. मी म्हणालो, मला सर्दी आहे. तो म्हणाला, सर्दीले काय होते. मी म्हणालो, मी येत नाही. म्हणताना आवाज जरा चढला. मामांनी मामींकडे पाहिलं, मामींनी गजूकडे, आणि गजू काहीही न बोलता तिकीट खिडकीकडे धावत गेला. ते धावणं माझ्या ओळखीचं होतं. माझी समजूत घालायला काहीतरी आणण्यासाठी तो गेला होता.

त्याने जे आणलं ते मी मेलो तरी विसरणार नाही. तिथे एक आकाशपाळणा होता. सगळे पाळणे उघडे, फक्त एकाला काचेचा डबा बसवलेला, आत एसी आणि लाल गादी. डब्यावर लिहिलं होतं, 'विशेष अतिथी'. सगळं घर उघड्या पाळण्यांत हसत-खिदळत बसलं आणि जावई म्हणून मला एकट्याला त्या काचेच्या बरणीत भरलं. दार बाहेरून लावलं. मला नाही म्हणता आलं असतं, पण एका दिवसात दोनदा रुसणं फार झालं असतं.

वर जाईपर्यंत मी पाच वस्तू मोजल्या. काच, गादी, एसीचं भोक, माझे पाय, पुन्हा माझे पाय. मग खालची वावरं दिसू लागली आणि मी सवयीने बांध मोजायला घेतले. हा पट्टा अडीच एकर. हा साधारण तीन, पण शेजाऱ्याने पूर्वेकडून बांध चांगला नांगरभर आत सरकवलाय. खरं सांगतो, जमत होतं. बाईंचा उपाय लागू पडतोय असं वाटायला लागलं, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. पाळणा थांबला, एसी थांबला. मी सगळ्यात वर होतो.

दहा मिनिटं गेली असं गजू नंतर सांगत होता. आत भट्टी झाली होती. खालच्या पाळण्यांतून घरची माणसं मला हात हलवत होती आणि मी दोन्ही तळवे काचेवर दाबून उभा होतो. मीही हात हलवतोय असं त्यांना वाटलं. मामी मोठ्याने म्हणाल्याचं सुनंदाने नंतर सांगितलं, "पाहा कसे खुलले जावई!"

जनरेटर सुरू झाला आणि मी खाली आलो तेव्हा शर्ट पिळून काढावा असा भिजला होता. आणलेली शिदोरी उघडली, ज्वारीची भाकरी आणि शेवभाजी, मी हात लावला नाही. मामींनी तीनदा विचारलं आणि माझी भाकरी परत बांधून ठेवली. परत येताना मागच्या सीटवरून मामांचा आवाज आला, खालच्या पट्टीत, माझ्याबद्दल, पण गजूला उद्देशून.

"यायच्यासाठी उद्या काई चांगलं पाहा लागन."

सुनंदा माझ्या कानाशी वाकली. "सांगून टाका. नाहीतर मी सांगते."

"तू शपथ घेतली आहेस."

"घेतली. आणि तुम्हाला ठाऊक नाही ती मला किती महाग पडते," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी याचा अर्थ विचारला नाही.

घाटाखाली, संग्रामपूरच्या वाटेवर

या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा, आणि घाटावरची माणसं घाटाखालच्यांबद्दल असं बोलतात की मधे समुद्र असावा. तिसऱ्या दिवशी चिखली, खामगाव करत आम्ही पूर्णेच्या सपाट काळ्या रानात उतरलो. संत्र्याच्या बागा, केळीच्या बागा आणि पलीकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सातपुडा. उन्हात तो निळसर दिसत होता. तो बघायला पैसे पडत नव्हते म्हणूनच असेल, पण गाडीतल्या एकानेही मान वर केली नाही.

कारण त्याच्यापुढे सिमेंटचा डोंगर उभा होता. चार मजली, तपकिरी रंग दिलेला, वर प्लास्टिकची झाडं, आणि पायथ्याशी पाटी: 'स्वर्ग-नरक दर्शन'. खऱ्या डोंगराला पाठ लावून खोटा डोंगर बांधायला फार मोठी छाती लागते, आणि ती या मालकाला होती. आत गुहा. गुहेत आधी नरक, म्हणजे कढया, करवती आणि मान हलवणारे यमदूत. मग एक अरुंद वाट, आणि शेवटी क्षीरसागर, शेषावर पहुडलेले विष्णू. पाप करून मधल्या वाटेने स्वर्गात जाता येतं, हा धर्म मी प्रथमच पाहिला. त्यावर कळस म्हणजे अधिक महिन्यानिमित्त खास सोय केली होती. क्षीरसागरापाशी लेक-जावयाला पाटावर बसवून सासू-सासऱ्यांनी पाय धुवायचे, आरती, फोटो, प्रसाद. आमचं नाव आधीच लावलेलं होतं. गजूने तांब्याचं ताम्हण, नवं उपरणं आणि माझ्यासाठी एक बंद खोका आणला होता. खोक्यात काय आहे हे मी विचारलं नाही. मागच्या दिवशीच्या रुसव्याची ती भरपाई होती.

गुहेचं तोंड बुटकं होतं. कमरेत वाकायला लागणार होतं. आतून धुराच्या यंत्राचा धूर येत होता आणि ढोल वाजत होते. मी पाहिलं आणि पाय तिथेच खिळले.

"चला जावईबापू," मामा म्हणाले. "तुमच्या मागं आमी."

"मामा, मी नाही येत."

"आता काऊन?"

"पूजा इथे बाहेर करू. झाडाखाली."

मागे रांग लागली होती. दुसऱ्या कुठल्यातरी गावची, दुसऱ्या कुठल्यातरी जावयाची माणसं होती. त्यातली एक बाई सरावाने म्हणाली, "रुसले वाटते पावने." लोक हसले. गजूने खोका पुढे केला. मामांनी त्याचा हात बाजूला सारला, मला चार पावलं दूर नेलं आणि टोपी काढून हातात धरली. एवढा म्हातारा माणूस माझ्यापुढे बोडक्या डोक्याने उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

"जावईबापू," ते म्हणाले, "मी आता थकलो. माह्यापाशी देण्याजोगं काई राह्यलं नाही. वावर गजूच्या नावानं केलं. जे काई मनात असन ते गजूले सांगा, तो पाह्यन. पन या महिन्यात लेकीची पूजा आडवू नका. हात जोडतो."

त्यांनी खरोखरच हात जोडले. मला तिथे जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं, बंद जागा असली तरी.

"मामा, मला काही नको," मी म्हणालो. "मला बंद जागेची भीती वाटते. आत गेलो की श्वास कोंडतो. लहानपणापासून आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. लहान पोर शाळा चुकवण्यासाठी पोटदुखी सांगतं तेव्हा आपण हलवतो तशी.

"तुमी जंगलात एकले राहून जमिनी मोजता. तुमाले कायची भीती?" ते म्हणाले. "नका सांगू असं काई. काय पाह्यजे तेवढं सांगा."

बावीस वर्षं जपून ठेवलेलं खरं मी बाहेर काढलं, आणि ते खोटं नाणं निघालं. त्यांचा विश्वास बसेना, आणि बसावा असं मी आजवर काही केलंही नव्हतं. सुनंदा काही बोलायला पुढे आली. मी तिला थांबवलं. दाखवल्याशिवाय हे पटणार नव्हतं, आणि दाखवायची जागा समोरच होती.

मी वाकलो आणि आत शिरलो. मामा माझ्यामागे, मग बाकीचे.

पहिल्या वळणापर्यंत मी श्वास मोजले. कढईत माणूस तळला जात होता, त्याचा एक पाय निखळून बाजूला पडला होता. यमदूताच्या मानेतून कुरकुर आवाज येत होता. बाईंच्या पाच वस्तू घ्यायला लागलो, कढई, करवत, वायरी, आणि पुढची वस्तू सापडेना कारण दिवे मालवले. नरकाचा परिणाम साधण्यासाठी ते दर दोन मिनिटांनी मालवतात, असं नंतर कळलं. वाट खांद्याएवढी रुंद होती. पुढे कुणाची तरी पाठ, मागे मामा, त्यांच्यामागे रांग. ना पुढे जाता येत होतं, ना मागे. मग मला काही कळेना. मी खाली बसलो. सिमेंटच्या भिंतीला नखं लावली. मी ओरडत होतो असं सगळे सांगतात. मला ते आठवत नाही. एवढंच आठवतं की एक सुरकुतलेला हात माझ्या छातीवर आला, तिथेच थांबला, आणि मग कानाशी मामा एवढ्या मोठ्याने ओरडले की ढोल बंद झाले.

"दिवे लावा बे! मानूस मरून राह्यला आतमंधी! दरवाजा कोठी हाये? फोडा नाही तं!"

क्षीरसागराच्या बाजूला वायरमनसाठी एक पत्र्याचं दार होतं. ते उघडलं. मला काखेत धरून बाहेर ओढलं, गजूने एका बाजूने आणि त्या ऐंशी वर्षांच्या माणसाने दुसऱ्या बाजूने.

डोंगराच्या मागे कडुलिंब होता. त्याखाली मोडक्या मूर्ती टाकल्या होत्या. हात तुटलेल्या अप्सरा, एक उताणा यमदूत, रंग उडालेला ऐरावत. मालकाने स्वर्ग आणि नरक दोन्हींचं भंगार एकाच ढिगात टाकलं होतं. त्या सबंध पार्कात मला पटलेली तेवढी एकच गोष्ट. मी खोडाला टेकून बसलो. माझी पँट ओली झाली होती. हे लिहायला नको होतं, पण प्रवासवर्णन लिहायला बसलो तर खरं लिहावं. सुनंदाने नवं उपरणं माझ्या मांडीवर टाकलं आणि मामींना व गजूला घेऊन पाणी आणायला गेली. तिघांनी मिळून आणावं लागेल इतकं पाणी मला नको होतं, पण ती शहाणी आहे.

मामा समोर मातीत बसले. टोपीने मला वारा घालत होते. समोर सातपुडा होता, मोकळा, आणि छातीतली धडधड हळूहळू खाली येत होती.

"ते मारुतीपाशी..." ते म्हणाले.

"तेव्हाही हेच झालं होतं."

"आन् तळघरात?"

"हेच."

"आन् काल, त्या पाळन्यात? तुमी हात हालोत होते."

"हलवत नव्हतो, मामा."

टोपी थांबली. मला वाटलं आता ते हसतील, किंवा चिडतील. दोन्हीची तयारी मी ठेवली होती. खोटं बोलून घेतलेलं सगळं परत करीन, असलं एक वाक्यही जुळवत होतो. त्यांनी मला ते बोलू दिलं नाही. ते रडत होते. आवाज न करता, तोंड वाकडं न करता, नुसतं पाणी गालांवरून वाहत होतं.

"पोरीचा फोन आला का मी पयले इचारो, काई मागून तं नाही राह्यले ना गं ते? पोरगी म्हने, नाही बाबा. मले वाटे, लपोते. मारते-बिरते का काय, तेबी सांगत नसन. लोभी मानसाच्या घरात लेक देल्ली म्हून बावीस वर्सं मी कदी पोटभर जेवलो नाही सनावारी. तुमच्या ताटाकडं पाहत बसो, यायचं मन भरलं का नाही म्हून."

मी खाली बघितलं. माझ्या भीतीची किंमत मी एकटाच मोजतो आहे, अशी माझी बावीस वर्षं समजूत होती, आणि त्या समजुतीचा मला थोडा अभिमानही होता. या लेखात मी ज्यांची टर उडवली त्यांच्यात माझ्याइतका क्षुद्र माणूस एकही नव्हता.

"चूक झाली, मामा," मी म्हणालो. "लाज वाटली. भित्रा म्हणतील म्हणून."

त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे असं पाहिलं की ते बघणं मला नीट कळलं.

"भित्रा जवाई मले चालला असता ना, बापू."